पालीला जाणारा रशीद

बातमी नसीमवहिनींनीच फोनवर दिली. "हे गेले," एवढंच म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत, "तुम्ही जेवलात का?" जेवला नसाल तर आधी दोन घास खा आणि मग निघा, असं त्यांचं म्हणणं होतं. नवरा गेल्याचं सांगताना ऐकणाऱ्याच्या पोटाची काळजी करणारी दुसरी बाई मला माहीत नाही... मी न जेवताच निघालो. दिवस मावळायच्या आत भोरच्या कबरस्तानात रशीद मुलाणीला माती दिली. त्याचं हृदय दोन वर्षं कुरकुरत होतं, तेव्हा धक्का बसला असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण ज्या माणसाशी शाळेपासून वाद घातला तो आता उलट बोलणार नाही, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. अजून पडलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली. रशीदचा कोट-टायमधला, बहुधा त्याच्या लग्नातला फोटो फ्लेक्सवर मोठा करून लावला होता आणि खाली लिहिलं होतं, 'तालुक्याचा तेजोमय विद्युतपुत्र'. फ्लेक्सवर त्याच्यापेक्षा निमंत्रकांचे चेहरे जास्त होते. सात वक्ते बोलले. त्यातल्या दोघांनी त्याला जनरेटर बनवणारा ठरवलं, एकाने सोलरचा जनक. शेवटच्या वक्त्याने, "ज्यांच्या हातून आयुष्यात चूक म्हणून झाली नाही," असं म्हटलं तेव्हा मी वहिनींकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. सभा संपल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही लिहिता ना कुठे कुठे. मग खरं ते लिहा. त्यांनी लपवलं नव्हतं, आपण कशाला झाकायचं?" हा लेख त्यांच्या सांगण्यावरून लिहितो आहे. तेजोमय पुत्राच्या शोधात असलेल्यांनी इथेच थांबलेलं बरं.

रशीदचे वडील एसटीत मेकॅनिक होते. घरात वासाला डिझेल आणि शिस्तीला पाना. बिघाड सांगताना 'बहुतेक' हा शब्द वापरला की ते कान पिळायचे, असं रशीद सांगायचा. तो पुण्याला जाऊन इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला, एका कंपनीत काही वर्षं काढली आणि नव्वदीच्या सुरुवातीला नोकरी सोडून परत आला. वरवे बुद्रुकला हायवेपासून थोडं आत त्याने पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली. मी तोवर भोरच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो होतो. पुण्याहून परत येताना मी वरव्याला उतरायचो, त्याच्या शेडमध्ये चहा व्हायचा, आणि तो मला विजेतलं आणि मी त्याला पेशवाईतलं काहीतरी सांगायचो. दोघांनाही दुसऱ्याचं कळायचं नाही, त्यामुळे मैत्री टिकली. मला तो 'गुरुजी' म्हणायचा, त्यात आदर कमी आणि वर्गात झोपणाऱ्या मुलांविषयीची सहानुभूती जास्त असायची.

तो बनवायचा ते यंत्र म्हणजे रेक्टिफायर. तारेतून येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा वरखाली होते; बॅटरीला मात्र एका दिशेने वाहणारी लागते. मधलं रूपांतर रेक्टिफायर करतो. इतकं मलाही कळायचं. पुढचं त्याने एकदा शेडमध्ये लग्नाच्या पंगतीवरून समजावलं. साधा रेक्टिफायर म्हणजे पंगतीतला हावरट पाहुणा. विजेची लहर अगदी माथ्यावर आली की हा एकदम मोठा घास मारतो, आणि उरलेला वेळ तोंड मिटून बसतो. त्याचं पोट भरतं, पण सगळ्या पंगतीची घडी मोडते. त्याच तारेवरच्या शेजाऱ्याची ट्यूब थरथरते, पिठाच्या गिरणीची मोटर उगीच तापते, आणि गिरणीवाला मोटर दुरुस्त करणाऱ्याला शिव्या देतो. रशीदला सभ्य पाहुणा बनवायचा होता. लहर चढेल तसं थोडं जास्त घ्यायचं, उतरेल तसं कमी, मध्ये खंड नाही, हिसका नाही. त्यासाठी यंत्राच्या आत दोन कारभारी ठेवावे लागतात, असं तो म्हणायचा. एक चपळ, जो क्षणाक्षणाला करंटचा आकार सांभाळतो. दुसरा मंद, जो एकूण किती घ्यायचं ते ठरवतो. मंद कारभाऱ्याने उतावीळपणा केला की चपळाचं काम नासतं. "तुमच्या पेशव्यांचं हेच झालं का रे?" त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, त्यांच्याकडे चपळ कारभारी बरेच होते, मंदच मिळाला नाही.

खरा प्रश्न असा होता की त्या चपळ कारभाऱ्याने आकार कुणाचा गिरवायचा. एक रीत अशी, की तारेतून जसं व्होल्टेज येतंय, त्याचीच हुबेहूब नक्कल करायची. ते वाकडं आलं तर आपणही तितकंच वाकडं घ्यायचं. दुसरी रीत अशी, की आदर्श गोल लहर आपणच यंत्रात तयार करायची, बाहेरच्या विजेकडून फक्त ताल घ्यायचा, आणि बाहेर काही का असेना, आपण आपलं सुंदर घ्यायचं. पुण्याच्या प्रयोगशाळेत दोन्ही रीतींचा निकाल सारखाच, कारण तिथे वीजच सरळ येते. फरक पडतो तो लांबलचक तारेच्या शेवटी, डोंगराच्या पोटात. तिथे वीज पोहोचते तेव्हा वाटेतल्या सगळ्यांनी तिचे लचके तोडलेले असतात. अशा ठिकाणी नक्कल करणारं यंत्र कागदावर वाईट दिसतं. पण ते साध्या बल्बसारखं वागतं, आल्या परिस्थितीत तग धरतं आणि डळमळणाऱ्या तारेला उलट थोडा आधारच देतं. दुसरं यंत्र दिसायला देखणं; पण त्याचा ताल चुकला की ते गोंधळतं. हे मला रशीदनेच सांगितलं होतं. त्याला हे ठाऊक होतं, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं.

नव्वदीच्या मध्यावर वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या एका छोट्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याचं यंत्र चाचणीसाठी बसलं. खोलीला कुलूप, आत बॅटऱ्या, त्या भरत्या ठेवणारा रशीदचा रेक्टिफायर, आणि त्याच्या भरवशावर पालीपर्यंतच्या गावांमधले मोजके फोन. पहिलं यंत्र नक्कल करणारं होतं. त्याने एक अख्खा पावसाळा विनातक्रार काढला. मग तपासणीला कुणी साहेब आले, त्यांनी मीटर लावला आणि म्हणाले, करंट किती वाकडा आहे त्याचा आकडा दोन अंकी येतोय, हा वर दाखवता येणार नाही. रशीद म्हणाला, वाकडी तुमची लाइन आहे. साहेब म्हणाले, लाइनचा रकाना नाही.

पुढच्या तपासणीला समिती येणार होती आणि समितीबरोबर एक पाहुणे. रशीदने यंत्राच्या आतलं सर्किटचं कार्ड बदललं आणि स्वतःची गोल लहर बनवणारं बसवलं. मी त्याला विचारलं, "आधीचं नीट चालत होतं ना?"

"चालत होतं," तो म्हणाला. "पण दिसत नव्हतं."

तो सोहळा मी पाहिला आहे. एक्स्चेंजच्या एका खोलीसमोर मांडव, खुर्च्यांवर पांढरी कापडं, रेक्टिफायरला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. हवा जायच्या जाळीवरच हार आल्याने रशीद तो हळूच बाजूला सरकवत होता आणि एक कार्यकर्ता तो पुन्हा मधोमध आणत होता. नारळ फोडताना पाणी यंत्रावर उडू नये म्हणून रशीद आडवा उभा राहिला, ते फोटोत स्वागतासारखं दिसतं. मीटरवर एक अंकी आकडा आला. पाहुण्यांनी तो वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. रशीदने भाषण केलं आणि भाषणात तो आकडा तीनदा सांगितला. मांडवातल्या भपक्याला मी मनातल्या मनात हसत होतो. पण त्या माणसाचा चेहरा फुललेला होता, आणि मित्राचा फुललेला चेहरा पाहताना टीका करवत नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी, भातकापणीच्या दिवसांत, रस्त्याकडेच्या खडी क्रशरवर वेल्डिंग निघालं. वेल्डिंगच्या ठिणग्यांसरशी तारेतली वीज अक्षरशः फाटत होती. रेक्टिफायरचा ताल चुकला, तो बंद पडला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला की स्वतःला कुलूप घालून घ्यायचं आणि माणूस येऊन बटण दाबेपर्यंत थांबायचं, अशी सुरक्षिततेची सोय रशीदनेच केली होती. कुलूपबंद खोलीत लाल दिवा लागला. तो कुणाला दिसणार? बॅटऱ्यांनी जमेल तितकं निभावलं आणि खोऱ्यातले फोन मुके झाले.

त्या सकाळी पालीत यमुनाबाईंना खाचरात पान लागलं. साप चावला असं तिकडे तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. घोणस होती, डाव्या पावलाला डसली. नवरा ज्ञानोबा धावत दुकानातल्या फोनकडे गेला. रिसीव्हरमध्ये आवाज नव्हता. शेजारचा एक जण सायकल काढून वेल्ह्याला गेला, मग जीप आली, मग पुण्याचा रस्ता... बाई वाचल्या. डावं पाऊल अर्ध्यातून काढावं लागलं.

रशीद दोन दिवसांनी यंत्र पाहायला गेला. बटण दाबलं, लाल दिवा गेला. सवयीप्रमाणे शेवटच्या टोकावरून तपासावं म्हणून तो पालीच्या दुकानात आला, फोन उचलला, कानाला लावला.

"आला व्हय आवाज?" दुकानदार म्हणाला.

"आला."

"परवा याया पायजे हुता."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. रशीद ते ऐकत असताना रिसीव्हर कानालाच धरून होता, असं तो दुकानदार मला पुढे म्हणाला. खाली ठेवायचं सुचलं नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी तो भोरला माझ्याकडे आला तो दाढी वाढलेला. डॉक्टरांना भेटून आला होता. दोन तास आधी आणलं असतं तर पाऊल वाचलं असतं का, या प्रश्नावर डॉक्टर म्हणाले होते, सांगता येत नाही. मी म्हटलं, बघ, सांगता येत नाही. तो म्हणाला, "गुरुजी, 'सांगता येत नाही' हे तिला सांगून बघ." इतिहास शिकवणाऱ्याला कारणं आणि निमित्तं वेगळी काढायची सवय असते. पण ती सवय मेलेल्या माणसांवर चालते.

त्याने जुनं, नक्कल करणारं कार्ड परत बसवलं. कुलूप घालून घेण्याची सोय काढून टाकली आणि यंत्र थोडं थांबून स्वतःच पुन्हा सुरू होईल असं केलं. वर लिहून कळवलं की आकडा आता वाईट येईल आणि तो वाईटच यायला हवा, आणि मधल्या काळात आपल्या यंत्रामुळे फोन बंद होते. चाचणीनंतर त्याला मिळायचं होतं ते मोठं काम अर्थातच दुसरीकडे गेलं. याचं त्याला वाईट वाटल्याचं मला कधी दिसलं नाही. त्याचं सगळं अडकलं होतं ते पालीत. त्या बाईला हे सांगायचं, आणि तिने माफ करायचं. याशिवाय त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिल्यांदा तो मोसंबी घेऊन गेला आणि 'फोनवाला आहे, चौकशीला आलो' म्हणून परतला. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा मला बरोबर घेतलं. उन्हाळा होता. यमुनाबाई पडवीत पाय पसरून वाल निवडत होत्या. पस्तिशीच्या, उंच, आवाज मोठा. ज्ञानोबाने घोंगडी टाकली. रशीदने सांगायला सुरुवात केली आणि मला वाटलं होतं तसं तो विजेत शिरला नाही, पाटाच्या पाण्यात शिरला. वरच्या खाचरातून खाली पाणी येतं ते कसं घ्यावं, धसमुसळेपणाने घेतलं तर बांध कसा फुटतो, आपण येणाऱ्या पाण्याच्या कलाने घ्यावं की आपल्याच हिशेबाने... बाईंचे हात वालावर थांबले.

"मंजी दोन तऱ्हा हुत्या," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन पयली हितं नीट चालत हुती."

"हो."

"तुमाला ठावं हुतं त्ये?"

"ठाऊक होतं."

"मंग दुसरी कशापायी लावली?"

रशीदने माझ्याकडे पाहिलं नाही. "मोठी माणसं येणार होती," तो म्हणाला. "त्यांना दाखवायला चांगली होती."

ज्ञानोबा खाकरला. "जाऊं द्या सायेब, नशिबाचा भाग..."

"नशीब गप ऱ्हाऊ द्या तुमचं," यमुनाबाई म्हणाल्या. मग रशीदला म्हणाल्या, "आन आता काय, माफ कर म्हनायला आलाय?"

त्याने हो म्हणून मान हलवली.

"त्ये न्हाई व्हायचं माज्याच्यानं. लावनीला चिखलात हुबी ऱ्हात न्हाई म्या आता. बाया गानी म्हनत्यात, म्या बांधावर बसून ऐकती." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "चा घ्या. चा ला न्हाई म्हनत न्हाई आमी कुनाला."

परतीच्या वाटेवर गुंजवणीच्या पुलाजवळ त्याने स्कूटर थांबवली. राजगडावर निघालेली पोरं पाठीवर पिशव्या लावून घोषणा देत गेली. मी त्याला धीर द्यायला म्हणालो, रागाच्या भरात बोलल्या त्या, येतील ताळ्यावर. तो म्हणाला, "ताळ्यावर होत्या म्हणूनच बोलल्या."

त्यानंतर दर वर्षी कापणीला तो पालीला जायचा. मला पुन्हा बोलावलं नाही. शेडमधलं काम चालू राहिलं, लहान कारखान्यांसाठी चार्जर, दवाखान्यांसाठी इन्व्हर्टर. गिऱ्हाइकाची लाइन स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय यंत्र द्यायचं नाही, हा नियम त्याने इतका कडक केला की निम्मी गिऱ्हाइकं कंटाळून जायची. पुढे खोऱ्यात मोबाईलचे टॉवर आले, ते एक्स्चेंज मागे पडलं, त्याचा रेक्टिफायर कुणीतरी भंगारात काढला. ते ऐकून तो फक्त म्हणाला, "चालत होता तेव्हा काढला ना? मग ठीक."

शेवटची भेट श्रावणात, त्याच्या घरी. उशांना टेकून बसला होता, बोलताना दम लागत होता. वहिनी माझ्यासमोरच म्हणाल्या, "मी म्हणते पालीला निरोप धाडू. ती बाई येईल. तुम्हाला असं बघून..." त्याने हात वर केला. "नको. मरणाऱ्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही, नसीम. तसली माफी मला नको." वहिनी आत निघून गेल्या. मग मला हळूच म्हणाला, "यंदा कापणी हुकणार, गुरुजी." त्यावर मी जे काही बोललो ते बोलण्यासारखं नव्हतं, अशा वेळी सगळेच बोलतात तसलं... गणपती बसले आणि त्याच आठवड्यात तो गेला.

यमुनाबाईंनी त्याला माफ केलं नाही. ती माफी मिळावी यासाठी त्याने दहाएक वर्षं वाट पाहिली आणि ती मिळत होती तेव्हा, निदान मिळाली असती तेव्हा, नको म्हणाला. या गोष्टीचं काय करायचं मला समजत नाही. कधी वाटतं, बाईंनी एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं? मग ते अर्धं पाऊल आठवतं आणि स्वतःचीच शरम वाटते. कधी रशीदचाही राग येतो. मरतानासुद्धा आकडा खराच हवा, हा कसला हट्ट? नियम काय फक्त यंत्रांनाच पुरेसे नव्हते?

गेल्या आठवड्यात कापणी सुरू झाल्याचं कळलं तसा मी पालीला गेलो. रशीद गेल्याचं तिथे आधीच कळलं होतं. यमुनाबाई बांधावर बसल्या होत्या, केस पुष्कळ पांढरे झालेत. "माती भोरलाच दिली?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आमाला कळीवलं न्हाई कुनी." त्याने नको म्हटलं होतं, आणि का नको म्हटलं होतं, ते मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरुबर केलं. म्या आले असते तर म्हनले असते. आन खोटं म्हनले असते."

खाचराच्या कडेला सात-आठ बाया विळे घेऊन उभ्या होत्या. ऊन चढत होतं तरी कुणी आत उतरत नव्हतं. मी विचारलं, कशासाठी थांबल्यात?

"तुमचा मैतर फुडं चालायचा न्हवं," यमुनाबाई म्हणाल्या. "पयल्या साली नुसताच हुबा ऱ्हायला हुता बांधावर, हात बांधून, पाव्हन्यागत. म्या म्हनलं, आलाच हाय तर काठी घ्या, आपटत चला बायांच्या फुडं, जनावर असंल तर निगून जाईल. तवापास्नं दर साली. लई नेटानं आपटायचा, एक कोपरा सोडायचा न्हाई. बाया हसायच्या. आता सवय लागली तेंना, फुडं कुनी असल्याबिगर उतरत न्हाईत."

पाठीमागच्या गंजीला टेकवलेली काठी त्यांनी ओढून पुढे केली. बांबूची, खाली ठोकून ठोकून फुटलेली. धरायच्या जागी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, एकावर एक निम्मा पदर घेत, एक सुरकुती नाही. तसं गुंडाळणारा मी एकच माणूस पाहिला होता.

मी काठी घेतली आणि, पिकात उतरायचं म्हणून, बांधावर चप्पल काढायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या पायात," यमुनाबाई म्हणाल्या. "तेंना बी म्या कदी बूट काडू दिलं न्हाईत."